वेटोळ्यातली पाल

मानपत्र ज्याला मिळतं त्याचं नाव सगळीकडे होतं. ज्याने लिहिलं त्याचंही दोन-चार जण विचारतात. पण मजकुराभोवती जी वेल फिरते, वेटोळी घेत खाली उतरते आणि पुन्हा वर चढते, ती कुणी काढली हे विचारणारा माणूस अजून जन्माला यायचा आहे. ही गोष्ट अशाच एका वेल काढणारीची. घरातले तिला छोटी म्हणत. केस पांढरे झाले, चष्म्याच्या काचा जाड झाल्या, तरी छोटीच.

दुकान दोन खोल्यांचं. पुढची खोली रस्त्यावर उघडणारी. तिथे दादाचं उतरतं टेबल, काचेच्या कपाटात नमुन्याच्या गुंडाळ्या आणि गिऱ्हाइकांना बसायला खुर्च्या. मागची खोली छोटीची. तिला एक खिडकी, खिडकीसमोर शेजारच्या इमारतीची भिंत आणि येण्याजाण्याला बोळातलं वेगळं दार. वडिलांनी जायच्या आधीच कामाची वाटणी करून ठेवली होती: अक्षर मुलाला, वेल मुलीला. दादाला वेटोळं काढायला बसवलं तर ते पिळलेल्या फडक्यासारखं यायचं, आणि छोटीचं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. त्यामुळे वाटणीवरून कधी भांडण झालं नाही.

वडील म्हणायचे, "सपाट कागदावर पावती देतात. मान द्यायचा तर गुंडाळी द्यावी. ती उलगडायला दोन्ही हात लागतात, म्हणून माणूस हातातलं बाकीचं सगळं आधी खाली ठेवतो." वेलीचे कायदेही त्यांनीच घालून दिलेले. निवृत्त होणाऱ्याला उमललेलं फूल. नव्याने जबाबदारी घेणाऱ्याला मिटलेली कळी. गेलेल्या माणसाच्या आठवणीसाठी पट असेल तर फूलही नाही आणि कळीही नाही. वेटोळं आत आत वळत जाऊन एका टिंबाशी थांबवायचं. म्हणून काम आलं की छोटी आतून ओरडायची, "कळी की फूल?" आणि दादा पुढून उत्तर द्यायचा. त्यांचं निम्मं बोलणं एवढंच असायचं.

आधी वेल, मग मजकूर, सगळ्यात शेवटी अगदी तळाला नाव. नाव लिहून झालं की कागद पुन्हा छोटीकडे यायचा. जाड ताव एकदा गुंडाळला की त्याला तीच खोड लागते. उघडला तरी हात सोडताच तो पुन्हा मिटतो. म्हणून छोटी तो दिवसभर उलटा गुंडाळून ठेवायची, वेल बाहेर आणि पाठ आत. याला त्यांच्याकडे कागदाला शिकवणं म्हणत. शिकवलेला कागद मग कुणाच्याही हातात गुमान पसरून राहतो. माणसांना असं शिकवता आलं असतं तर बरं झालं असतं, पण ते पुढे येईलच.

गिऱ्हाइकांना वाटायचं, सगळं दादाच करतो. कुणी वेलीवर बोट ठेवून "वा, काय हात आहे!" म्हटलं की दादा मान खाली घालून हसायचा. खोटं बोलणं वेगळं आणि खरं न बोलणं वेगळं, असं त्याचं मत होतं. हे मत त्याला फार सोयीचं पडायचं. कागदाचा दुकानदार तेवढा खरं जाणून होता, कारण ताव निवडायला छोटीच जायची. तो तिला वळसाबाई म्हणायचा. "काय वळसाबाई, काखेत कळसा नि गावाला वळसा! घरात एवढा मोठा लिहिणारा भाऊ, आणि तुमचं नाव कुठे दिसत नाही ते?"

"दिसेल," छोटी म्हणायची. "दादा लिहिणार आहे."

हे ती हवेत बोलत नव्हती. तरुणपणी एका छापखान्याने तिला बोलावलं होतं. पत्रिकांच्या किनारी काढायच्या, आणि खाली कोपऱ्यात बारीक अक्षरात का होईना, तिचं नाव छापायचं. छोटी निघालीच होती. त्या दुपारी दादा पहिल्यांदा मागच्या खोलीत येऊन स्टुलावर बसला. "तू गेलीस तर माझी अक्षरं उघडी पडतील गं," तो म्हणाला. "थांब. छापलेल्या नावात काय आहे? एक दिवस तुझं मानपत्र मी लिहीन. माझ्या सगळ्यात चांगल्या अक्षरात तुझं नाव लिहीन. मग तर झालं?" छोटी थांबली. एवढ्याशा शब्दावर कोण थांबतं, असं कुणी म्हणेल. पण ज्याला दादाचं अक्षर माहीत होतं तो असं म्हणणार नाही. त्या अक्षरात आपलं नाव पाहावं म्हणून माणसं जन्मभर नीट वागली असतील.

दादा मागच्या खोलीत सहसा येत नसे, याला एक कारण होतं, ते म्हणजे पाल. खिडकीच्या चौकटीत शेपटी तुटलेली एक पाल राहायची. एक गेली की दुसरी यायची. पण छोटीला ती एकच वाटे, कारण खिडकीचा पडदा ओढताना दरवेळी कुणाची तरी शेपटी अडकायचीच. उन्हं भिंतीवरून परतली की ती बाहेर यायची आणि छोटीच्या दौतीकडे बघत बसायची. छोटी तिच्याशी बोलायची. आणि दादा, सहा फुटी गडी, पाल दिसली की किंचाळून स्टुलावर चढायचा. मग छोटी केरसुणी घेऊन पुढे व्हायची, पालीला चौकटीत परत घालवायची आणि भावाला हात धरून खाली उतरवायची. लहानपणापासून हेच चाललेलं.

तर एका सकाळी दादा दारातूनच, चौकटीवर डोळा ठेवून म्हणाला, "छोटी, कारागीर मंडळाचं मानपत्र आलंय."

हे मंडळ दरवर्षी एका कारागिराचा सन्मान करायचं. कुणाचा, ते कळू देत नसत. नाव फक्त अध्यक्षांना आणि लिहिणाऱ्याला माहीत. व्यासपीठावर गुंडाळी उलगडली की मगच सभेला समजायचं.

"कळी की फूल?" छोटीने विचारलं.

दादाने कान खाजवला. "दोन्ही काढ. जन्मभर केलंय आणि अजून हात चालतोय, अशा माणसाचं आहे. जीव ओतून काढ. आणि झालं की थेट माझ्याकडे दे. या वेळी कागद शिकवायला परत येणार नाही. तू वाचायचं नाहीस."

"मी का नाही वाचायचं?"

"नको म्हटलं ना!" दादा म्हणाला, आणि त्याचे कान लाल झाले.

आता तुम्हीच सांगा, बाईने काय समजावं? आजवरचं एकही मानपत्र त्याने तिच्यापासून लपवलं नव्हतं. जन्मभर केलंय, अजून हात चालतोय, तू वाचायचं नाहीस. छोटीने स्वतःशीच हिशेब मांडला आणि तो चोख जमला. दुसऱ्या दिवशी वहिनी चहा घेऊन आली तेव्हा छोटीने आडून आडून विचारून पाहिलं, "वहिनी, कार्यक्रमाला मीही यायचं का?" वहिनी कप ठेवताना म्हणाली, "यायचंच. चांगले कपडे घालून ये. पुढे बस." आणि मान न वळवता निघून गेली. छोटीला वाटलं, हसू लपवत असेल.

मग तिने जी वेल काढली तशी तिने कधी काढली नव्हती, आणि तशी वेल त्या दुकानातून कधी बाहेरही पडली नव्हती. दुसऱ्यांच्या मानपत्रात आपलं काही घालायचं नसतं. पण हे आपलंच, मग का नाही? एका वेटोळ्यात तिने आईची कात्री घातली, पात्यांना पानं फुटलेली. एका वळणावर वडिलांचा टाक. खालच्या उजव्या कोपऱ्यात कळी आणि फूल एकाच देठावर. आणि तिथेच, नावासाठी सोडलेल्या जागेच्या शेजारी, शेवटच्या वेटोळ्याच्या पोटात शेपटी तुटलेली पाल. इतकी बारीक की बघणाऱ्याला पानाची शीर वाटावी. आपल्या नावाशेजारी आपली सोबतीण असावी, एवढंच तिच्या मनात होतं. काम करता करता ती मनात मांडे खात होती. व्यासपीठावर काय बोलायचं तेही तिने पालीला म्हणून दाखवलं. "मी काही बोलणारी नाही. जे आहे ते दादामुळे." एवढंच.

कागद पुढे नेऊन दिला तेव्हा दादाने मधली कोरी जागा पाहिली, ती पुरेल का याचा अंदाज घेतला आणि म्हणाला, "झकास." किनारीवरून त्याची नजर फिरली, पण फिरलीच नुसती. पुढच्या खोलीचं दार त्या आठवड्यात पहिल्यांदा आतून बंद राहिलं. आत टाकाची कुरकुर ऐकू येई आणि छोटी भिंतीला कान लावून मोजू पाहायची, आता आपल्या नावापर्यंत आला असेल का.

सभागृह भरलेलं होतं. सुतार, शिंपी, कुंभार, चष्मेवाले, सगळे इस्त्रीच्या कपड्यांत अवघडून बसलेले. वहिनीने छोटीला पहिल्या रांगेत कडेच्या खुर्चीवर बसवलं आणि स्वतः मागे जाऊन बसली. दादा व्यासपीठावर उभा होता. त्यात काही विशेष नव्हतं. मानपत्र लिहिणाऱ्यानेच गुंडाळीची वरची दांडी धरायची, ही मंडळाची जुनी रीत. अध्यक्ष म्हणजे म्हातारे घड्याळजी. त्यांनी फीत सोडली, गुंडाळी उलगडली आणि खालचं टोक हातातून सुटून कागद फट्‌कन वर मिटला. सभा हसली. पुन्हा उलगडला, पुन्हा मिटला. छोटी मनात म्हणाली, मला शिकवायला दिला असतास तर असं झालं असतं का?

तेवढ्यात दादाने खाली वाकून हाक मारली. "छोटी, ये गं वर. खालचं टोक धर जरा."

असं आहे होय! छोटीने मनात म्हटलं. मला वर न्यायला यानेच ही युक्ती केली. म्हणून कागद शिकवू दिला नाही. धन्य आहे रे दादा तुझी! ती भराभर पायऱ्या चढली. तिने खालची दांडी दोन्ही हातांनी धरली. कागद तिच्या आणि दादाच्या मध्ये ताणला गेला. तिच्या बाजूने अक्षरं उलटी होती, पण दादाचं अक्षर तिला कुठूनही वाचता यायचं. नाव तळाला असतं. तळ तिच्या हातात होता. तिने खाली पाहिलं.

नाव दादाचं होतं.

तिने पुन्हा पाहिलं. माणूस अशा वेळी पुन्हा पाहतोच. वर अध्यक्ष मोठ्याने वाचत होते. "ज्यांनी आयुष्यभर इतरांच्या सन्मानाला अक्षर दिलं, आणि ज्यांच्या बोटांतून या अप्रतिम वेली उमलल्या..." तिचीच वेल, तिच्याच हातांनी ताणून धरलेली, आणि तिचं कौतुक भावाच्या अक्षरात भावालाच चाललेलं. केसाने गळा कापणं म्हणतात ते हे. ज्याने कापला तो मान खाली घालून हसत होता, गिऱ्हाइकांपुढे हसायचा तसाच.

टाळ्या झाल्या. कुणीतरी मागून ओरडलं, "स्वतःचं मानपत्र स्वतःच लिहिलं की हो!" आणि सगळे हसले. दादाही हसला. छोटीने टोक सोडलं नाही. तिला अजून वाटत होतं, आता तो बोलेल. माइक त्याच्यासमोर आहे. एक वाक्य म्हणेल: अक्षर माझं, वेल बहिणीची. नाव लिहिलं नाही तर नाही, तोंडाने म्हणेल. ते झालं असतं तरी तिने सगळं पोटात घातलं असतं, मी सांगतो. बायका पोटात काय काय घालतात याला अंत नाही.

दादा बोलला. वडिलांचे आभार मानले, मंडळाचे मानले. "आणि घरच्या सगळ्यांची मदत झाली," म्हणाला.

मदत.

अध्यक्षांचा डोळा घड्याळजीचा. ते कागदावर वाकले होते आणि छोटीच्या अंगठ्याशेजारी बोट ठेवून म्हणाले, "अरे, ही काय? पाल! शेपटी तुटलेली! ही हो कशी आली तुमच्या वेलीत?"

दादाने पाहिलं. छोटीला स्पष्ट दिसलं, तो ती पहिल्यांदाच पाहत होता. एवढे दिवस त्या कागदावर मान मोडून लिहीत होता, नावाच्या शेवटच्या अक्षराला ती पाल जवळजवळ टेकलेली होती, आणि त्याने ती पाहिलीच नव्हती. त्याचा हात दांडीवर जरा मागे सरला, चित्रातल्या पालीलाही घाबरून. मग तो सावरला.

"ती होय?" तो माइकमध्ये म्हणाला. "माझ्या खिडकीत असते. काम करताना तेवढीच सोबत."

दादाच्या खोलीला खिडकी नव्हती.

छोटीने दांडी सोडली. कागद सर्रकन वर गेला आणि दादाच्या बोटांवर आपटून मिटला. पुन्हा हशा. "धर ना गं," दादा दातांतून म्हणाला.

"ज्याचं नाव त्याने धरावं," छोटी म्हणाली.

माइक तिच्यापासून लांब होता. दादाने आणि अध्यक्षांनीच ऐकलं. अध्यक्षांनी चष्म्यावरून तिच्याकडे एकवार पाहिलं आणि मग ते पुढच्या वक्त्याला हाक मारू लागले.

दुसऱ्या सकाळी छोटी कामावर आली. तुम्हाला वाटेल, येऊच नये. पण टेबलावर एका शाळेच्या मानपत्राचं काम अर्धं पडलं होतं आणि हातांना दुसरीकडे जायची सवय नव्हती. दुपार कलल्यावर दादा दारात आला. काखेत गुंडाळी.

"छोटी, हे जरा उलटं गुंडाळून देतेस? फ्रेमवाला म्हणतो, काचेखाली पसरून राहतच नाही."

ती कुंचला चालवतच राहिली, तसा तो आत आला. "रागावलीस? अगं, दुकान एक, घर एक. नाव कुणाचं का असेना! अध्यक्षांनी विचारलं, वेल कोण काढतं. मी म्हटलं, आमच्याकडेच होते. पुढे त्यांनी विचारलं नाही."

"आणि तू सांगितलं नाहीस."

"आता विचारलंच नाही तर काय ओरडून सांगू?"

छोटीने गुंडाळी घेतली, खिडकीपाशी नेली आणि नावापुरती उलगडली. लिहिताना मन कचरलं की टाक अडतो, शाई किंचित साकळते. कितीही मुरलेला हात असला तरी ते लपत नाही. ती जागा ती शोधत होती. एवढंसं टिंब चाललं असतं. पहिल्या अक्षरात नाही, मधल्या कान्यात नाही, शेवटच्या वेलांटीत नाही. हात कुठेही थांबला नव्हता. आजवर दादाने लिहिलेलं ते सगळ्यात चांगलं नाव होतं. ज्या अक्षरात तिचं लिहायचं कबूल केलं होतं, तेच हे अक्षर.

"लिहिताना माझी आठवण झाली होती का रे?" तिने विचारलं.

ती पाल सोडली तर दादा खोटं बोलत नसे, हे आधी सांगितलंच आहे. "खरं सांगू? नाही," तो म्हणाला. "लिहिण्यात गुंगलो होतो."

छोटी रडली नाही असं सांगायला मला आवडलं असतं. ती रडली, उभ्या उभ्या, चष्मा न काढता. दादा बावरून बघत राहिला. मग तिने कागद उलटा गुंडाळला, वेल बाहेर, सवयीने घट्ट आणि नीट, फीत बांधली आणि त्याच्या हातात दिली. "उद्या सोड," म्हणाली. "पसरून राहील." आपले कुंचले आणि टाक तिने पदरात घेतले.

"कुठे निघालीस? शाळेचं काम उद्या द्यायचंय."

"काढ ना."

"मी? मला कुठे येते वेल?"

"काल सगळ्यांसमोर येत होती की," छोटी म्हणाली आणि बोळातल्या दाराने नाही, पुढच्या खोलीतून, गिऱ्हाइकांच्या खुर्च्यांमधून, रस्त्यावरच्या दाराकडे गेली.

पायऱ्यांवर ती चपला घालत होती, तोच आतून स्टूल आपटल्याचा आवाज आला आणि पाठोपाठ दादाची किंकाळी. उन्हं भिंतीवरून परतायची वेळ झाली होती.

छोटीचे पाय वळले. तिने नाही वळवले, ते आपसूक वळले, आणि हात केरसुणी शोधायला मोकळा झाला तसे दोन कुंचले पायरीवर पडले. आतून दादा ओरडत होता, "छोटी! अगं छोटी, ये ना लवकर! मला उतरता येत नाहीये!"

तिने वाकून कुंचले उचलले आणि रस्त्याला लागली. हाक बऱ्याच लांबपर्यंत ऐकू येत होती.